पाहण्याजोगे आणि राहण्याजोगे : सांडोरच्या निमित्ताने स्थलवर्णनाचा विचार

१

एखादे शहर रहिवाशाला आणि पाहुण्याला कशामुळे आवडते, हा प्रश्न मराठीत बहुधा नगररचनाकार, पर्यटन खाते आणि घरबांधणीचे व्यावसायिक यांच्याकडे सोपवलेला असतो. साहित्यसमीक्षेने तो आपला मानलेला नाही. वास्तविक या आवडीचा मोठा भाग वर्णनातून घडतो. एखादे ठिकाण पाहण्याजोगे आहे असे कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असते आणि मग ते पाहायला माणसे जातात. ते राहण्याजोगे आहे की नाही, हे मात्र तेथे राहणाऱ्याच्या रोजच्या व्यवहारात ठरत जाते आणि त्याची नोंद क्वचितच होते. ‘पाहण्याजोगे’ आणि ‘राहण्याजोगे’ या दोन शब्दांत अंतर एका अक्षराचे आहे. परंतु त्यांच्यामागे स्थळाशी संबंध जोडण्याच्या दोन रीती आणि म्हणून स्थलवर्णनाच्या दोन परंपरा उभ्या आहेत. या दोहोंचा ताण जेथे स्पष्टपणे तपासता येतो, असे एक ठिकाण म्हणजे वसईतील सांडोर.

सांडोर हे वसई रोड स्थानक आणि वसईचा किल्ला यांच्या दरम्यानच्या बागायती पट्ट्यातले गाव. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेले संत थॉमस चर्च ही त्याची ठळक खूण. येथे किल्ला नाही, समुद्रकिनाऱ्यावरची विश्रामगृहे नाहीत. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ज्याचे छायाचित्र छापावे असे फारसे काही नाही. तरीही गेल्या काही दशकांत या गावाची कागदोपत्री ओळख पुनःपुन्हा बदलली. ग्रामपंचायतीचे गाव असतानाच २००१ च्या जनगणनेत त्याची नोंद ‘जनगणना नगर’ अशी झाली. किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या व्यवसायात, या तीन कसोट्या पार केल्या की जनगणनेच्या लेखी गावाचे नगर होते. त्यासाठी नगरपालिका असावी लागत नाही. पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि या परिसराचे ‘महानगर’ झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जिल्हाही बदलला. घरातला माणूस उंबरठ्याबाहेर न पडता गावातून नगरात, नगरातून महानगरात आणि ठाण्यातून पालघरात गेला.

मराठी समीक्षेला या स्थित्यंतराचे वाचन करणे अवघड जाते, कारण तिच्याजवळ ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ अशी दोनच पेटाऱ्यांची व्यवस्था आहे. सांडोरसारखे स्थळ एका पेटाऱ्यात ठेवावे तर रोज चर्चगेटला जाणारा नोकरदार बाहेर राहतो. दुसऱ्यात ठेवावे तर वाडीतली केळ, नागवेल आणि मोगरा बाहेर राहतो. जनगणनेने निदान एक मधली संज्ञा तयार केली. समीक्षेने तेवढेही केलेले नाही.

२

वसईच्या आकर्षणाचा एक जुना लेखी पुरावा पाहुण्याने ठेवलेला आहे, आणि तो विचार करायला लावणारा आहे. जेमेल्ली कारेरी हा नेपल्सचा प्रवासी १६९५ मध्ये वसईत आला होता. त्याचा जगप्रवासाचा वृत्तान्त सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेली वसई त्या वेळी त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशाची राजधानी होती. तटबंदीच्या आत देवळे, मठ आणि उमरावांचे वाडे होते. परंतु शहराचा काही भाग साथीमुळे ओस पडल्याचे कारेरीने नोंदवले आहे. त्याला भुलवले ते तटाबाहेरच्या प्रदेशाने, ज्याला तो ‘कसाबो’ म्हणतो. सुमारे पंधरा मैलांचा हा पट्टा म्हणजे सलग बागा असल्याचे तो सांगतो : ताडमाड, आंबे, इतर फळझाडे आणि मुबलक ऊस. या बागा यंत्रांनी पाणी देऊन सदोदित हिरव्या राखल्या जातात, आणि म्हणूनच शहरातले प्रतिष्ठित लोक उन्हाळ्यात हवापालटासाठी व साथीपासून दूर राहण्यासाठी तेथे येतात, असे त्याचे निरीक्षण आहे.

या वृत्तान्तात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, वसईतले पाहण्याजोगे ते राजधानीच्या बाहेर आहे. आज पाहुणा किल्ल्याचे भग्नावशेष पाहायला येतो आणि वाड्यांतून जाणारा रस्ता केवळ तेथे पोचण्यासाठी वापरतो. कारेरीच्या काळी क्रम उलट होता. म्हणजे आकर्षण हा स्थळाचा स्थिर गुण नव्हे. तटबंदी जिवंत असताना ती साथीची आणि दाटीची जागा होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली, तटाच्या आतले नगर पुढे मोकळे होत गेले आणि त्यानंतरच ते रम्य झाले. राहणे संपले तेव्हा पाहणे सुरू झाले. आज तो भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील किल्ला आहे. तेथे चित्रपटांची आणि विवाहपूर्व छायाचित्रांची चित्रणे होतात. २०१६ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गाजलेल्या गीतचित्रातही तो झळकला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कारेरीच्या वर्णनात हिरवाईबरोबर पाणी देणारी यंत्रे येतात. ती म्हणजे रहाट, असे मानणे स्वाभाविक आहे. पण रहाटाला जुंपलेले जनावर, ते हाकणारा माणूस, वाफ्यात पाणी वळवणारी बाई, यांपैकी कोणाचेही चित्र त्या वर्णनात उभे राहत नाही. बाग आहे, बागायतदाराचे कष्ट नाहीत. गारवा आहे, घाम नाही. पाहुण्याच्या वर्णनाची ही घडण पुढे तीन शतके टिकून राहिली. मुंबईहून रविवारी येणाऱ्याला वसई ‘हिरवी’ दिसते, ती याच घडणीत.

३

शहराचे आकर्षण समजून घेण्यासाठी विसाव्या शतकात जे सिद्धान्तन झाले, त्याचाही या संदर्भात विचार करावा लागतो. केव्हिन लिंच याने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजलिस या शहरांच्या रहिवाशांच्या मनातल्या नकाशांचा अभ्यास केला. वाटा, कडा, विभाग, केंद्रे आणि ठळक खुणा या पाच घटकांतून शहराची प्रतिमा मनात ठसते, आणि ही प्रतिमाक्षमता जितकी जास्त तितके शहर आपलेसे वाटते, असा त्याचा निष्कर्ष होता. रोलां बार्त याने १९६७ मधल्या नेपल्स येथील व्याख्यानात शहराला भाषाव्यवहार मानले. शहर रहिवाशांशी बोलते आणि रहिवासी त्यात वावरून ते बोलत असतात. मिशेल द सर्तो याने याच विचाराला पुढे नेले. न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतीवरून दिसणारे शहर हा नकाशा आहे आणि खाली चालणाऱ्याचे पाऊल हे उच्चारण आहे, अशी त्याची मांडणी आहे.

या मांडण्यांनी पाहणाऱ्यापेक्षा वावरणाऱ्याला महत्त्व दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्यांचा वावरणारा हा चालणारा आहे. तो रस्त्यावरून जातो, वळतो, आडवाट धरतो. त्या जमिनीशी त्याचे दुसरे नाते नाही. लिंचच्या पाच घटकांत विहीर कोठे बसवायची? ती ठळक खूण म्हणावी तर दुरून दिसत नाही, केंद्र म्हणावे तर तेथे वाहतूक नाही. आणि तरीही वसईच्या कोणत्याही जुन्या वाडीचा नकाशा मनात आणायचा तर विहिरीपासून आणि बावखलापासूनच सुरुवात करावी लागते.

बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे खोदीव तळे. पावसाळ्यात ते भरते, आसपासच्या जमिनीत पाणी मुरते, विहिरींना गोडे पाणी राहते आणि वर्षाचा उरलेला काळ वाडी शिंपली जाते. समुद्राजवळच्या भूमीत गोड्या पाण्याचा हा साठा खाऱ्या पाण्याला दूर ठेवतो. त्यामुळे बावखल बुजवले की हानी त्या एका जागेपुरती राहत नाही. शेजारच्याच्या विहिरीची चव बदलते. पाहुण्याच्या दृष्टीला बावखल म्हणजे शेवाळ धरलेला खड्डा. त्यात पाहण्याजोगे काही नाही. पण पाहुण्याला जी हिरवाई मोहवते ती त्यावरच उभी आहे.

अशा स्थळाचे वाचन करण्यासाठी मराठीत एक नेमका शब्द उपलब्ध आहे : वहिवाट. साहित्यातील देशीयतेची चर्चा मराठीत १९८० नंतर बरीच झाली. परंतु ती मुख्यतः शैली, परंपरा आणि जीवनदृष्टी यांभोवती फिरली. जमिनीच्या व्यवहारातून आलेल्या अशा शब्दांकडे तिने फारसे पाहिले नाही. वहिवाटीत दोन अर्थ एकत्र नांदतात. जमीन कसून, राखून, उपयोगात ठेवणे ही वहिवाट. आणि दुसऱ्याच्या जमिनीतून पूर्वापार जाण्यायेण्याची वाट हीही वहिवाट. मालकी कागदावर असते, वहिवाट वापरात असते. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने तिला काळाचे माप दिले : वीस वर्षे उघडपणे, शांतपणे आणि खंड न पडता हक्काने केलेला वापर मान्य होतो. त्याच कायद्याच्या तर्कात एक मर्यादाही आहे. ज्याच्या जमिनीवर हा हक्क चालतो, त्याच्यावरचा भार हक्कदाराला मनमानी वाढवता येत नाही.

शहराच्या आकर्षणाचा विचार या संकल्पनेतून केला तर त्याचे स्वरूप बदलते. रहिवाशाला स्थळ आवडते ते तेथे त्याची वहिवाट असते म्हणून; पाहुण्याला ते आवडते ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या वहिवाटीचा परिणाम म्हणून. सांडोरमध्ये चर्चकडे जाणारी वाट, दोन वाड्यांमधली बोळकांडी, बाजारासाठी पापडीला जाणारा रस्ता, मराठीतून होणारी प्रार्थना आणि घरात बोलली जाणारी बोली, या सर्व वहिवाटी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लोकभाषेत उपासना करण्याची वाट खुली झाली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी रुजली. नाताळ मराठीत साजरा होतो, ही पाहुण्याला नवलाची बाब वाटते. रहिवाशाला ती सांगण्यासारखीही वाटत नाही. ज्याचे वर्णन करावेसे वाटत नाही, तेच बहुधा माणसाला स्थळाशी बांधून ठेवणारे असते.

भग्न किल्लासुद्धा या नियमाला अपवाद नाही. मूळचा वसईचा आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेला संत गोन्सालो गार्सिया याचा सण किल्ल्यातल्या जेझुइटांच्या जुन्या चर्चमध्ये साजरा होतो. किल्ल्याच्या आवारात शिवमंदिर आहे, चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, आणि लगतच किल्लाबंदरच्या कोळ्यांचा सुकत घातलेला मासा आहे. त्या भिंती केवळ चित्रासारख्या वाटत नाहीत, याचे कारण या वहिवाटी आहेत.

४

या दृष्टीने मराठीतील स्थलवर्णनाची परंपरा पाहिली तर काही बाबी नव्याने ध्यानात येतात. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ आले. आधुनिक मराठी गद्याच्या उभारणीच्या काळातच शहर हा लेखनविषय झाला होता. माडगांवकरांची पद्धत याद्यांची आहे : कोणत्या जाती, कोणते धंदे, कोणती देवळे, कोणते बाजार, पाण्याची सोय कशी. नंतरच्या वाङ्मयीन अभिरुचीला ही पद्धत रुक्ष वाटली. परंतु यादीत एक गुण असतो. तीत मोजण्याच्या ओघात काम करणारा माणूस सुटत नाही. कारेरीच्या वर्णनात ज्यांचे कष्ट दिसत नाहीत, अशी माणसे माडगांवकरांच्या यादीत येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महानगराचे दुसरे रूप मराठीत आले. जयवंत दळवी यांचे ‘चक्र’, भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’, नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’, नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ या कृतींनी शहर हे पाहण्याजोगे असल्याची समजूतच मोडली. येथे राहणे हाच मुद्दा आहे, आणि तेही जेथे राहणे जवळजवळ अशक्य केले गेले आहे तेथे. कोणताही कागद हाती नसताना माणूस वापराच्या बळावर शहरात जागा करतो, हे या लेखनाने दाखवले. समीक्षेने त्यांतले बंड आणि भाषा यांची दखल घेतली. स्थळावरचा हक्क हे त्यांचे आशयसूत्र मात्र मागे राहिले.

वसईविषयीच्या मराठी ललित लेखनाचा मार्ग याहून वेगळा पडला. बालपणीची वाडी, रहाटाचा आवाज, विहिरीचे गोडे पाणी, पहाटे फुले आणि भाजी घेऊन मुंबईची गाडी गाठणारी माणसे, अशी चित्रे त्यात वारंवार येतात. त्यांतली आर्तता खरी आहे. पण या लेखनाच्या रूपबंधात एक धोका आहे. रेमंड विल्यम्स याने १९७३ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील ग्रामजीवनाची तपासणी करताना दाखवले की, प्रत्येक पिढीला सुखाचा गाव आपल्या नुकत्याच मागे पडलेला दिसतो, आणि मागे जात राहिले की तो आणखी मागे सरकतो. वसईच्या स्मरणलेखनातही हिरवाई नेहमी ‘काल’पर्यंत असते. असे झाले की रहिवासी लेखक स्वतःच्याच गावात पाहुणा होतो. रहाट वापरातून जातो आणि चित्रात येतो. कारेरीच्या वर्णनातून माणसाचे कष्ट गळले होते. येथे माणूस असतो, पण त्याचा वर्तमान गळतो.

या लेखनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे स्थान वेगळे आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि २०२० च्या धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु येथे लक्षात घ्यायचे ते हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाशी असलेले त्यांच्या लेखनाचे नाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विहिरींचे पाणी टँकरने उपसून विकले जाऊ लागले, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सिडकोकडे आले आणि बागायती जमिनीच्या भवितव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा वेळी विहिरीविषयी लिहिणे हे स्मरण राहत नाही. ती साक्ष होते. आपल्या ‘नाही मी एकला’ या आत्मकथनात दिब्रिटो यांनी हा संघर्ष व्यक्तिगत चरित्राचा भाग केला. त्यांच्या गद्याचा प्रवचनाकडे झुकणारा सूर, उपदेशाचा मोह, हे दोष समीक्षेने जरूर दाखवावेत. तरी निसर्गवर्णन आणि हक्काचे विधान यांची सांधेजोड त्यांनी केली, हे मान्य करावे लागते. ‘हिरवी वसई’ या शब्दांतले विशेषण पाहुण्याने लावले होते. आंदोलनाने ते रहिवाशांचे केले.

५

वहिवाटीची संकल्पना स्वीकारताना एक आक्षेप टाळता येत नाही. वहिवाट निरागस नसते. जुन्या वापराचा आधार घेऊन नव्याला अडवता येते. कोणाला कोणत्या विहिरीवर जाता येई आणि कोणाला नाही, हेही पूर्वापार वहिवाटीनेच ठरत असे. वाडीत राबणाऱ्या मजुराचे श्रम त्या हिरवाईत आहेत, पण सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही आणि ललित लेखनात तो बहुधा पार्श्वभूमीला आहे. शिवाय २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेलेली होती. यांतले बहुसंख्य मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेले आहेत. त्यांना वसई रम्य वाटली म्हणून ते आले नाहीत. दरवाजा बंद करता येईल अशी एक खोली मिळाली म्हणून आले. विरार लोकलच्या दारात एका पायावर उभे राहून त्यांनी आपली वाट पाडली. जुन्या वसईच्या स्मरणलेखनात ही माणसे गर्दी म्हणून येतात, क्वचित संकट म्हणून.

या आक्षेपाचे उत्तर वहिवाटीच्या संकल्पनेतच शोधता येते. तिचे माप वंश वा धर्म हे नाही. काळ आणि वापर हे आहे. १९९० च्या सुमारास आलेल्या कुटुंबाची वीस वर्षे केव्हाच उलटून गेली. त्यांची मुले येथल्या शाळांत शिकली, येथल्याच नळाच्या रांगेत उभी राहिली. कायद्याचे माप रूपक म्हणून वापरायचे तर त्यांचीही वहिवाट पक्की झालेली आहे. मात्र तेच माप दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. भार मनमानी वाढवता येत नाही, ही मर्यादा टँकरला लागू पडते, बावखल बुजवून त्यावर उभ्या राहणाऱ्या इमारतीला लागू पडते आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी जाहिरात करून तोच निसर्ग विकणाऱ्यालाही लागू पडते. झरा आटवणारा वापर ही वहिवाट नव्हे. ती उचल आहे. येथे रेषा जुना आणि नवा रहिवासी यांच्यामध्ये पडत नाही. ती राखणारा आणि उपसणारा यांच्यामध्ये पडते. पाहुण्यालाही या रेषेच्या एका बाजूला उभे राहावे लागते.

तेव्हा शहर आवडते कशामुळे, या प्रश्नाला सांडोरच्या आधारे असे उत्तर संभवते : जेथे पाहुण्याला दिसणारे सौंदर्य आणि रहिवाशाचा रोजचा वापर यांचा धागा तुटलेला नाही, ते शहर दोघांनाही आवडते. धागा तुटला की पाहुण्यासाठी देखावा उरतो आणि रहिवाशासाठी आठवण. देखावा आणि आठवण या दोन्ही वाङ्मयीन निर्मिती आहेत, म्हणूनच त्यांची परीक्षा हे समीक्षेचे काम ठरते. सांडोरचे माडगांवकरी वर्णन अद्याप लिहिले गेलेले नाही : ज्यात संत थॉमस चर्च असेल आणि त्यामागची वाडी असेल, वाडीतला मजूर असेल, नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब असेल आणि त्या सर्वांचे पाणी कोठून येते याची नोंद असेल. मराठीत ते लिहिले जाईल तेव्हा त्याला ‘ग्रामीण’ म्हणावे की ‘महानगरी’, हा प्रश्न गौण ठरेल. त्यात विहीर वापरात आहे की चित्रात, एवढे तपासले तरी पुरे.